टोकियोस येणाऱ्या पाहुण्यांस

“पुढील महिन्यांत टोकियोस येत आहों. चार दिवस हातीं आहेत. काय काय पाहावें, तें कळवावें.” अशा आशयाचा मजकूर वर्षांतून दहा-बारा वेळां तरी माझ्याकडे येतो. कोणी पुण्याहून लिहितें, कोणी नागपुराहून, कोणी अमेरिकेंतून परततांना वाटेंत उतरणार असतें. आम्हांस या शहरांत राहूं लागून आतां पंधरा वर्षें झालीं. टोकियोच्या पूर्व अंगास निशि-कासाइ नांवाची वस्ती आहे. तेथें भारतीय कुटुंबें इतकीं राहतात, कीं संध्याकाळीं भाजी आणावयास बाहेर पडावें तों चार ओळखीचे चेहरे भेटल्यावांचून राहत नाहींत. त्यामुळें आम्ही येथले अर्धे रहिवासी आणि अर्धे वाटाडे झालों आहों.

मजकुराबरोबर बहुधा एक यादीहि येते. तींत वीस-पंचवीस स्थळें असतात आणि प्रत्येकापुढें ‘अवश्य’ असा शेरा असतो. अशी यादी पाहिली, कीं मला माझी स्वतःची पहिली यादी आठवते, आणि तिच्याबरोबर मामंजींनीं विचारलेला एक प्रश्नहि आठवतो. तो आधीं सांगतें. म्हणजे पुढील सूचनांचा रोख वाचकांच्या ध्यानांत येईल.

सात स्थळांचा एक दिवस

आम्ही येथें येऊन तेव्हां तिसरें वर्ष चाललें होतें. मामंजी आणि सासूबाई प्रथमच परदेशीं आलीं होतीं. मामंजी शाळेंत संस्कृत शिकवून निवृत्त झालेले. गुडघे दुखत, परंतु उत्साह तरुणास लाजविणारा. त्यांना होईल तितकें दाखवावें, या हौसेनें मीं सकाळीं सातापासून रात्रीं नऊपर्यंतचा कार्यक्रम आंखला. आसाकुसाचें मंदिर, ६३४ मीटर उंचीचा स्काय-ट्री मनोरा, उएनोचें उद्यान, राजवाड्यासमोरील पूल, गिंझाचीं दुकानें, शिबुयाचा चौक आणि शेवटीं शिंजुकूची रोषणाई. सातहि स्थळें झालीं. परततांना गाडींत बसावयास जागा मिळाली नाहीं. आमच्या स्थानकावर उतरल्यावर मामंजी तेथल्या बांकावर टेकले, थोडा वेळ गुडघे चोळीत राहिले आणि मग म्हणाले, “सूनबाई, आज पाहिलं तें पुष्कळ. पण त्यांतलं जुनं कोणतं आणि नवं कोणतं, हें मला एकाचंहि सांगतां येणार नाहीं. तुला येईल का?”

मलाहि आलें नसतें. तीन वर्षांत स्थानकांचीं नांवें तेवढीं माझीं पाठ झालीं होतीं.

एका दिवशीं एकच दिशा

म्हणून माझी पहिली सूचना ही, कीं एका दिवशीं एकच दिशा धरावी. टोकियो हें एक शहर म्हणण्यापेक्षां अनेक गांवें एकमेकांस चिकटून झालेला समूह आहे. यामानोते नांवाचा आगगाडीचा वर्तुळाकार मार्ग त्याच्या मध्यभागास वेढा घालतो. या मार्गाची लांबी ३४.५ किलोमीटर असून त्यावर ३० स्थानकें आहेत; एक फेरा पुरा होण्यास सुमारें तास लागतो. आल्या दिवशीं दुपारच्या निवांत वेळीं हा फेरा एकदां करावा. पूर्वेस जुनी कारागिरांची आणि व्यापाऱ्यांची वस्ती, मध्यें राजवाडा, पश्चिमेस उंच उंच नव्या इमारती, अशी शहराची आंखणी त्यानें मनांत बसते. नंतरच्या प्रत्येक दिवसास एक दिशा नेमून द्यावी आणि त्या दिशेचीं दोन, फार तर तीन स्थळें पायीं हिंडून पाहावीं.

प्रवासासाठीं ‘सुइका’ किंवा ‘पास्मो’ या नांवाचें कार्ड घ्यावें. त्यांत पैसे भरले, कीं आगगाडी, भुयारी गाडी आणि बस या सर्वांस तें चालतें. सकाळीं साडेसात ते नऊ या वेळांत लहान मुलें किंवा वृद्ध माणसें बरोबर असतील तर गाडींत चढूं नये. त्या गर्दीपुढें मुंबईची लोकल आठवते, इतकें म्हटलें म्हणजे पुरे. गाडींत कोणी दूरध्वनीवर बोलत नाहीं, आपणहि बोलूं नये. जड सामान स्थानकांतल्या कुलुपी कपाटांत ठेवतां येतें. पायांत सहज काढतां-घालतां येतील असे जोडे असावेत, आणि मोजे फाटके नसावेत. येथें जोडे काढण्याचा प्रसंग दिवसांतून अनेकदां येतो.

पहिला दिवस: सुमिदा नदीचा कांठ

आसाकुसा येथील सेन्सोजी हें या शहरांतलें सर्वांत जुनें मंदिर. दंतकथा अशी, कीं इ. स. ६२८ मध्यें दोघां कोळी भावांच्या जाळ्यांत कान्नोनची, म्हणजे आपल्याकडील अवलोकितेश्वराची, मूर्ति सांपडली आणि तिच्यासाठीं हें देवस्थान उभें राहिलें. येथें सकाळीं आठाच्या आंत पोंचावें. दुकानें उघडलेलीं नसतात, प्रवाशांचे तांडे आलेले नसतात. सुमारें ७०० किलो वजनाच्या त्या प्रसिद्ध तांबड्या कंदिलाखालून चालत जातांना कामावर निघालेलीं माणसें क्षणभर थांबून, हात जोडून पुढें जातांना दिसतात. मंदिर पाहावयाचें तें त्या वेळीं.

मामंजींच्या प्रश्नाचें उत्तरहि येथेंच मिळतें. देवस्थान जुनें, परंतु समोर दिसणारें मुख्य मंदिर १९५८ सालचें आहे. त्यापूर्वींचें मंदिर १६४९ सालीं बांधलेलें होतें. १९२३ च्या भूकंपांतूनहि तें वांचलें होतें. १० मार्च १९४५ च्या रात्रीं अमेरिकन विमानांनीं या पूर्व भागावर अग्निवर्षाव केला, त्यांत तें जळालें. त्या एका रात्रींत सुमारें एक लाख माणसें मृत्युमुखीं पडलीं.

याच दिवशीं दुपारीं नदीपलीकडे रियोगोकु येथें जावें. तेथें योकोआमिचो नांवाचें लहानसें उद्यान आहे. पाहुण्यांच्या यादींत त्याचें नांव बहुधा नसतें. १ सप्टेंबर १९२३ रोजीं दुपारीं बाराला दोन मिनिटें असतांना मोठा भूकंप झाला. ती स्वयंपाकाची वेळ. घरोघर चुली पेटलेल्या होत्या, आणि घरें लांकडाचीं. शहरांत जागोजाग आगी लागल्या. या उद्यानाच्या ठिकाणीं त्या वेळीं लष्करी कपड्यांच्या जुन्या कोठाराची मोकळी जागा होती. लोक अंथरुणें-पेट्या घेऊन तेथें आश्रयास आले. वाऱ्याबरोबर आग फिरली आणि त्या एका मैदानांत सुमारें ३८ हजार माणसें जळून मेलीं. १९३० सालीं तेथें स्मृतिमंदिर उभारण्यांत आलें. पुढें १९४५ च्या मृतांच्या अस्थिहि तेथेंच ठेवण्यांत आल्या. आज तेथें दीड लाखांहून अधिक माणसांच्या अस्थि आहेत. प्रतिवर्षीं १० मार्च आणि १ सप्टेंबर या दिवशीं तेथें प्रार्थना होते. भूकंपानंतर खोट्या वदंता पसरून जे कोरियन लोक मारले गेले, त्यांच्या स्मरणार्थ १९७३ सालीं उभारलेला दगडहि याच उद्यानांत आहे.

सहलीला आलेल्या मुलांना अशा ठिकाणीं न्यावें का, असें कांहीं भगिनी विचारतात. माझ्या मतें, जाणत्या मुलांना अवश्य न्यावें. झगमगाट त्यांना कोठेंहि दिसतो. तो ज्या राखेवर उभा राहिला, ती येथेंच दिसते.

आसाकुसांतील आणखी एक जागा मीं मुद्दाम शेवटीं सांगण्यासाठीं राखून ठेवली आहे.

दुसरा दिवस: किल्ला आणि लेणें

टोकियोचें जुनें नांव एदो. १६०३ पासून तोकुगावा घराण्याचे शोगुन येथून राज्य करीत. १८६८ सालीं सम्राटाची सत्ता पुन्हां स्थापन झाली, तेव्हां एदोचें टोकियो झालें. शोगुनांचा किल्ला तोच आजचा राजवाडा. त्याचें पूर्व उद्यान सर्वांना विनामूल्य पाहतां येतें. मात्र सोमवारीं आणि शुक्रवारीं तें बंद असतें. उद्यानांत एक प्रचंड दगडी चौथरा आहे, आणि त्यावर कांहींच नाहीं. तो किल्ल्याच्या मुख्य मनोऱ्याचा चौथरा. १६५७ सालच्या महाभयंकर आगींत मनोरा जळाला. चौथरा पुन्हां बांधून तयार झाला. परंतु त्या वेळचा कारभारी होशिना मासायुकि यानें असें मत दिलें, कीं आधीं जळालेलें शहर उभें करावें, मनोऱ्याची तूर्त गरज नाहीं. मनोरा राहिला तो राहिलाच. त्या रिकाम्या चौथऱ्यावर थोडा वेळ बसावें. मला तो कित्येक उभ्या मनोऱ्यांपेक्षां अधिक बोलका वाटतो.

तेथून गिंझाच्या रुंद रस्त्यानें चालत त्सुकिजीकडे जावें. त्सुकिजी म्हणजे भर घालून केलेली जमीन. १६५७ च्या त्याच आगींत आसाकुसाजवळील होंगानजी हें मंदिर जळालें आणि त्यास या नव्या जमिनीवर जागा मिळाली. १९२३ सालीं तें पुन्हां जळालें. आजची इमारत १९३४ सालची आहे, आणि ती पाहतांच मराठी मनुष्य जागच्या जागीं थबकतो. दर्शनी भागावर पिंपळपानाच्या आकाराची ती भव्य कमान! कार्ल्याच्या किंवा अजिंठ्याच्या चैत्याचें मुख कोणी उचलून टोकियोच्या रस्त्यावर आणून ठेवलें कीं काय, असें वाटतें. हा भास निराधार नाहीं. हिचा शिल्पकार इतो चूता यानें १९०२ ते १९०५ या काळांत चीन, ब्रह्मदेश, भारत आणि तुर्कस्तान असा प्रवास केला होता, आणि प्राचीन भारतीय वास्तुरीति मनांत धरून त्यानें ही इमारत योजिली. आदल्या दिवशीं पाहिलेलें योकोआमिचोचें स्मृतिमंदिरहि त्याचेंच. दोन्हीं इमारती भूकंपानंतरच्या. लांकूड जळतें, हा अनुभव घेतलेल्या शहरानें या वेळीं सिमेंट-काँक्रीट वापरलें.

तिसरा दिवस: सरस्वती आणि मुळाक्षरें

तिसऱ्या दिवशीं उएनोस जावें. तेथील राष्ट्रीय संग्रहालयास निदान अर्धा दिवस हवा. तें बहुधा सोमवारीं बंद असतें. उद्यानाच्या पायथ्याशीं शिनोबाझु नांवाचें तळें आहे आणि तळ्यांतल्या बेटावर बेन्झाइतेनचें देऊळ आहे. ही बेन्झाइतेन म्हणजे आपली सरस्वती. बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गें ती येथें आली. विद्या आणि संगीत तिनें सोडलें नाहीं, आणि संपत्ति देण्याचें लक्ष्मीचें कामहि तिनें येथें आपल्याकडे घेतलें. देवळाच्या आवारांत बिवा या तंतुवाद्याचें शिल्प आहे. जुलै-ऑगस्टांत पहांटे गेल्यास तळें कमळांनीं भरलेलें दिसतें. हें देऊळहि १९४५ सालीं जळालें आणि १९५८ सालीं पुन्हां उभें राहिलें, हें आतां वाचकांस वेगळें सांगावयास नको.

तेथून पायीं यानाकास जावें. आग आणि युद्ध या दोहोंतूनहि बऱ्याच अंशीं वांचलेला हा भाग आहे. अरुंद गल्ल्या, लहान लहान देवळें, दारापुढें कुंड्या. येथील स्मशानभूमींत चेरीच्या झाडांखालून फिरतांना थडग्यांमागें लांकडाच्या उंच पट्ट्या उभ्या केलेल्या दिसतात. त्यांवर वरून खालीं पांच अक्षरें लिहिलेलीं असतात: ख, ह, र, व, अ. आकाश, वायु, अग्नि, जल आणि पृथ्वी या पंचमहाभूतांचीं तीं बीजाक्षरें. लिपि सिद्धम्, आपल्या देवनागरीची जवळची नातलग. जपानचा थोर धर्मगुरु कूकाइ ८०६ सालीं चीनहून परतला, त्यानें ही विद्या येथें रुजविली. जपानी मुलें आपली अक्षरमाला म्हणतात तीहि ‘अ, इ, उ, ए, ओ’ आणि ‘क, स, त, न, ह, म, य, र, व’ या क्रमानें. हा क्रम संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासांतून आला आहे. आपल्याबरोबर मुलें असतील, तर त्यांना हें अवश्य सांगावें. माझ्या मुलीला जपानी शाळेंत घातली, तेव्हां पहिल्याच आठवड्यांत ती म्हणाली होती, “आई, हे लोक आपली बाराखडीच म्हणतात, पण मधलीं अक्षरें विसरतात!”

एखादी संध्याकाळ शिंजुकूसाठीं ठेवावी. तेथील महानगर-शासनाच्या इमारतीच्या ४५ व्या मजल्यावरून, म्हणजे २०२ मीटर उंचीवरून, सारें शहर विनामूल्य पाहतां येतें. सूर्यास्ताच्या अर्धा तास आधीं वर जावें. हिवाळ्यांत आकाश निरभ्र असलें, तर पश्चिमेस फुजी पर्वताची आकृति उमटते.

ऋतु, जेवण आणि रीतिभाती

यावयाचें तर नोव्हेंबरांत यावें, किंवा मार्चअखेरीस. नोव्हेंबरांत झाडें लाल-पिवळीं होतात. मार्चअखेरीपासून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चेरीचा बहर असतो, पण त्याबरोबर गर्दीहि. जून ते जुलैचा मध्य पावसाचा, ऑगस्ट असह्य उकाड्याचा, सप्टेंबर तुफानांचा. डिसेंबरअखेर आणि वर्षारंभीचे दोन-तीन दिवस संग्रहालयें बंद असतात.

शाकाहारी मंडळींनीं एक शब्द शिकून ठेवावा: ‘दाशि’. हें सुक्या मासोळीच्या कीसाचें सार असतें, आणि भाजी, आमटी, शेवया यांत तें न दिसतां असतें. नुसतें “मांस नको” म्हटल्यानें काम भागत नाहीं. “मासोळीचें सारहि नको” असें लिहून बरोबर ठेवावें. देवळांतील साधूंच्या परंपरेचें ‘शोजिन’ जेवण मात्र निर्धास्तपणें घ्यावें. त्यांत मांसमत्स्य नसतें, आणि परंपरेनें कांदा-लसूणहि वर्ज्य असतो. आमच्या सासूबाईंना चातुर्मासांत परदेशीं जेवतां आलें, तें याच्या आधारावर.

रस्त्यांत कचऱ्याच्या पेट्या क्वचितच आढळतात. लहानशी पिशवी जवळ ठेवून कचरा मुक्कामीं आणावा. बक्षिसी देऊं नये. ती परत केली जाते. शिंतो देवस्थानांत दोनदां वांकून, दोनदां टाळी वाजवून, पुन्हां एकदां वांकतात. बौद्ध मंदिरांत मात्र टाळी वाजवीत नाहींत, नुसते हात जोडतात. भूकंपाचा इषारा म्हणून दूरध्वनींतून कर्कश आवाज आला, तर बाहेर धांव घेऊं नये. मेजाखालीं बसावें, डोकें झांकावें आणि भोंवतालचे लोक करतील तें करावें.

राखून ठेवलेली जागा

पुण्यास परतल्यावर मामंजींनीं ग्रंथालयांतून जपानवरचीं पुस्तकें आणून वाचलीं. एका रविवारीं त्यांचा दूरध्वनि आला. “आसाकुसांत गणपति आहे, हें तुला ठाऊक होतं का?” मला ठाऊक नव्हतें. “त्याला तिथं मुळा वाहतात म्हणे. आपण त्या मोठ्या देवळाशीं होतों, तिथून दहा मिनिटांची वाट. पुढच्या वेळीं मला तिथं ने.” गुडघ्यांमुळें त्यांना टेकडी चढवेल का, एवढीच शंका मला त्या वेळीं आली.

पुढची वेळ आली नाहीं. दुसऱ्या वर्षीं श्रावणांत मामंजी गेले.

त्यानंतर तीन वर्षांनीं सासूबाई एकट्याच आल्या. त्यांच्यासाठीं मीं यादी केली नाहीं. पहिल्या सकाळीं सेन्सोजीस नमस्कार करून आम्ही नदीच्या कांठानें मात्सुचियामा शोदेन या देवळाकडे चालत गेलों. लहानशी टेकडी, पायऱ्या थोड्या. ज्यांना त्याहि चढवत नाहींत, त्यांच्यासाठीं रुळांवरून वर नेणारी एक छोटीशी गाडी तेथें आहे, तीहि विनामूल्य. ती गाडी पाहून मला कसेंसेंच झालें. मामंजींना तेथें नेण्यांत अडचण अशी मुळींच नव्हती.

येथल्या देवाचें नांव कान्गितेन किंवा शोतेन. तो गजमुख असून विघ्नें दूर करणारा आहे. पांढरा मुळा आणि पैशांची थैली हीं त्याचीं चिन्हें देवळांत जागोजाग कोरलेलीं आहेत. मूर्ति मात्र गुप्त ठेवलेली असते. कोणालाहि दाखवीत नाहींत. सासूबाईंनीं हातभर लांबीचा मुळा विकत घेऊन देवापुढें ठेवला आणि आंत निरखून पाहिलें.

“मूर्ति नाहीं का ग दिसायची?”

“नाहीं. इथं ती कोणालाच दाखवीत नाहींत.”

“यांनीं सांगितलेलं देऊळ हेंच ना पण?”

“हेंच.”

“मग न दिसूं दे. आपण येऊन गेलों, एवढं कळलं म्हणजे झालं.”

कोणाला कळलें म्हणजे झालें, हें मीं विचारलें नाहीं. पाऊण तास आम्ही तेथें बसलों. त्या दिवशीं दुसरें कांहींहि पाहिलें नाहीं.

देवाला वाहिलेले मुळे नंतर भक्तांना प्रसाद म्हणून नेऊं देतात. सासूबाईंनीं त्यांतला एक पदरांत घेतला आणि गाडींत तो मांडीवर ठेवून त्या घरीं आल्या. संध्याकाळीं त्याची कोशिंबीर झाली.

तेव्हां पाहुणेमंडळींस माझी विनंति एवढीच, कीं यादी घरीं ठेवून यावें. एका दिवसास एक दिशा द्यावी. जें पाहाल, तें केव्हां जळालें आणि कोणी पुन्हां उभें केलें, हें विचारावें. आणि घरांतल्या वडील माणसांस काय पाहावयाचें आहे, हें निघण्यापूर्वींच विचारून घ्यावें. आसाकुसास येतांना एक कापडी पिशवीहि आणावी. येथला मुळा फार मोठा असतो.